भिंतीवरची पांढरी रेघ : जिव्या सोमा म्हसे आणि आपल्या गावांच्या भिंती

 

कौंडण्यपुरात बोलायला उभं राहायचं म्हटलं की आम्हाला जरा दडपणच येतं. वर्धा नदीच्या काठावरचं हे गाव. रुक्मिणीचं माहेर म्हणून साऱ्या महाराष्ट्राला माहीत, विदर्भाची जुनी राजधानी म्हणून ग्रंथांतून नोंदलेलं. आषाढीला इथून पालखी पंढरपूरला जाते. मोरेश्वर दीक्षितांनी १९६० च्या दशकात इथं उत्खनन केलं, आणि या पांढरीच्या मातीखाली किती जुनी वस्ती आहे ते उघड झालं. अशा गावात इतिहासावर बोलायचं तर पुराणावर बोलावं नाहीतर खापरांवर बोलावं, अशी तुमची अपेक्षा असणार. आम्ही मात्र आज भिंतींवर बोलणार आहोत.

आयोजकांनी विषय कळवला होता तो असा की, शहरात भिंती रंगवणारा एखादा कलाकार घ्या, त्याचं आयुष्य सांगा आणि मागं काय राहिलं ते सांगा. पोरांना ग्राफिटीचं फार आकर्षण आहे म्हणे. असेलच. रात्री जाऊन कुणाच्या तरी भिंतीवर रंगाचा फवारा मारून यायचं, यात मजा आहेच. आम्ही न्यूयॉर्कच्या एका पोराची गोष्ट काढूनही ठेवली होती, ती सांगणारच आहोत. पण अमरावतीहून कुऱ्ह्याच्या रस्त्यानं इकडं येताना आम्ही सहज भिंती बघायला लागलो. शाळेचं कंपाउंड, ग्रामपंचायतीचं सभागृह, एक ढाबा, एक मंगल कार्यालय, एक बसथांबा. विटकरी रंगावर पांढऱ्या काड्यांची माणसं. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की धड, वर एक गोल की डोकं, काड्यांचे हातपाय. हातात हात धरून नाचताहेत. आधी मोजत होतो, नंतर मोजणं सोडून दिलं.

आता मला सांगा, वऱ्हाडात वारली आहेत कुठं? आपल्याकडं मेळघाटात कोरकू आहेत, गोंड आहेत, अकोला-यवतमाळकडं आंध आहेत, कोलाम आहेत. वारली पार तिकडं डहाणू-तलासरीला, समुद्राच्या बाजूला, गुजरातच्या सीमेवर. मधे सहाशे-सातशे किलोमीटरचं अंतर. मग त्यांची माणसं आपल्या शाळेच्या भिंतीवर नाचायला कशी आली? त्यांना कुणी आणलं? या प्रश्नाचं उत्तर शोधत मागं मागं गेलं की आपण एका माणसाच्या दारात जाऊन पोचतो. म्हणून आज त्याच्याविषयी बोलायचं. नाव जिव्या सोमा म्हसे.

हात वर करा बरं, हे नाव ज्यांनी याआधी ऐकलंय त्यांनी. सहा... सात. आणि वारली चित्र ज्यांनी पाहिलंय त्यांनी? बघा, सगळ्यांचेच हात वर. आमचं आजचं व्याख्यान म्हणजे या दोन मोजण्यांमधलं अंतर आहे.

जिव्याचा जन्म १९३४ चा, तलासरी भागातल्या धामणगावचा. तेव्हा तो ठाणे जिल्हा, आता पालघर. आई गेली तेव्हा पोर सात वर्षांचं होतं. त्या धक्क्यानं त्याचं बोलणंच थांबलं असं सांगतात. काही पाहिजे असलं, काही सांगायचं असलं की तो बोटानं धुळीत चित्र काढायचा. ही गोष्ट त्याच्याविषयी लिहिणारा प्रत्येक जण सांगतो, आणि ऐकणाऱ्याला ती लगेच आवडते, कारण त्यात कलाकाराची गोष्ट कशी असावी याचा एक साचा आहे. आम्हाला मात्र ती गोष्ट एकट्यानं सांगितलेली चालत नाही. त्या धुळीच्या आजूबाजूला काय चाललं होतं तेही बघायला पाहिजे.

त्या मुलखात तेव्हा जमीन सावकाराची आणि जंगल ठेकेदाराचं. वारली माणसाला लग्न करायचं तर पैसा लागे, तो सावकार देई, आणि त्या पैशापायी नवरा सावकाराच्या घरी राबायला बांधला जाई. नवराच कशाला, त्याची बायकोही. काही शेकड्यांच्या कर्जात पिढी जाई. अशा गड्याला तिकडं शब्दच होता, लग्नगडी. लग्नासाठी विकला गेलेला गडी. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर तिथं किसान सभेचं काम करायला गेले. मे १९४५ मध्ये झरी गावी वारल्यांची मोठी सभा झाली आणि वेठबिगार करणार नाही असं ठरलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात पाच आदिवासी मारले गेले. गोदावरीबाईंनी हे सगळं पुढं 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिलं, त्याला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. विद्यार्थ्यांनी ते वाचावं, शाळेच्या ग्रंथालयात नसेल तर मागवून घ्यावं.

जिव्या तेव्हा अकरा वर्षांचा. पुढं तो डहाणू तालुक्यात कळंबीपाड्याला, गंजाडजवळ राहायला गेला आणि आयुष्यभर तिथलाच झाला.

आणि आता बघा, वारली चित्र म्हणतात ते मुळात काढलं जायचं कशासाठी? लग्नासाठीच. कुडाची भिंत, ती शेणानं सारवायची, त्यावर गेरू. तांदूळ वाटून त्याचं पाणी करायचं, तोच पांढरा रंग. बांबूची काडी टोकाला चावून मऊ करायची, तोच ब्रश. सवाशिणी मिळून आतल्या भिंतीवर चौक काढायच्या. चौकोनी चौकट, तिला नक्षीच्या रेघा, मधोमध पालघट देवी. ती धान्याची, झाडापेलाची, लेकराबाळांची देवी. बाजूला घोडा, बाशिंग, फणी, शिडी, चंद्र, सूर्य. शेजारी छोटा देवचौक, त्यात घोड्यावरचा पंचशिऱ्या देव. धवलेरी गाणी म्हणायची. ही धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई. वारल्यांत लग्न बाई लावते, हे जाता जाता लक्षात ठेवा. चौक काढल्याशिवाय लग्न लागत नाही.

म्हणजे ज्या लग्नापायी माणूस सावकाराच्या दावणीला बांधला जाणार, त्याच लग्नाच्या भिंतीवर त्याच्या घरातल्या बायका इतकं सुंदर काही काढून ठेवत होत्या. हे चित्र 'साधं', 'निरागस', 'आनंदी' असं म्हणून आपण मोकळे होतो. निरागस कुठलं आलंय त्यात! ज्या घरात उद्याची भाकर सावकाराच्या हातात होती, त्या घरात धान्याच्या देवीला चौकटीत बसवून बोलावलं जात होतं. आणि चित्राखाली नाव कुणाचंच नाही. गरजच नव्हती. कुणाच्या मावशीनं, कुणाच्या वहिनीनं काढलंय ते पाड्यातल्या सगळ्यांना माहीत असायचं. पावसाळा गेला, भिंत पुन्हा सारवली, चित्र गेलं.

नाव नसण्याचे हे दोन प्रकार आपण वेगळे धरायला पाहिजेत. सगळ्यांना माहीत आहे म्हणून नाव न लिहिणं हा एक. कुणालाच माहीत नाही आणि कुणी विचारतही नाही, हा दुसरा. पहिल्या प्रकारातून दुसऱ्या प्रकारात आपण कसे आलो तेच आता सांगायचंय.

भास्कर कुलकर्णी नावाचा एक मराठी चित्रकार होता. मुंबईच्या विणकर सेवा केंद्रात काम करायचा. १९६६-६७ मध्ये बिहारात मोठा दुष्काळ पडला, तेव्हा पुपुल जयकरांनी त्याला मिथिलेत पाठवलं. तिथल्या बायका भिंतींवर जी चित्रं काढायच्या ती कागदावर काढली तर विकली जातील, चार पैसे घरात येतील, असा विचार. त्यातून मधुबनी चित्रं कागदावर आली. मधुबनीची भिंतही लग्नघराचीच, हाही एक योग. हाच भास्कर कुलकर्णी पुढं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला डहाणूकडं आला, तोच प्रयोग घेऊन. कागद दिला, गेरू दिला, म्हणाला काढा.

बायका बिचकल्या. त्यांचं चित्र विधीचं होतं, लग्न नाही तर चौक काढायचा कशाला? पुरुषांनी तर हात लावायचाच नव्हता, ते बायकांचं काम. आणि इथं जिव्या पुढं आला. त्याला चौक काढायचा नव्हताच. धुळीत जे काढायचा तेच तो कागदावर काढायला लागला. घर, शेत, मासेमारी, मुंग्या, नाच.

१९७५ साली मुंबईत जहांगीर कलादालनातल्या केमोल्ड गॅलरीत त्याचं प्रदर्शन झालं. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार. त्याच वर्षी फ्रान्समध्ये चित्रं लागली. भास्कर कुलकर्णीचं नाव आज घेतलं जात नाही, आणि ज्यानं दोन प्रांतांतल्या भिंती जगापुढं आणल्या त्याचं नाव आपल्या मराठी माणसांनीच विसरावं याचा आम्हाला राग येतो. असो.

जिव्यानं केलं काय, ते जरा नीट बघू. तुमच्यापैकी बरेच जण म्हणाल, गोल, त्रिकोण, काड्या, यात काय मोठं? चौक हे स्थिर चित्र आहे. देवी मधोमध, दोन्ही बाजू सारख्या. जिव्याच्या चित्रात काहीच स्थिर नाही. त्याचं मासे धरायच्या जाळ्याचं चित्र बघा. कागदभर जाळं. बारीक, बारीक, हजारो रेघा, एकेक हातानं ओढलेली. लांबून बघितलं तर पाणी हलल्यासारखं वाटतं, जवळ गेलात तर रेघा दिसतात, मग त्यात कुठंतरी नखाएवढा माणूस होडीत बसलेला सापडतो. त्याचं तारपा नृत्य बघा. मधे तारपा वाजवणारा. नाचणारे त्याच्याभोवती गुंडाळीसारखे फिरताहेत, साखळी आत वळते, बाहेर येते. नाचणाऱ्यांनी तारपेवाल्याकडं पाठ करायची नाही असा रिवाज आहे, तो चित्रात पाळलेला दिसतो. पाठ न करता साखळी वळवायची तर गुंडाळीच होणार. म्हणजे तो आकार शोभेसाठी आलेला नाही, नाचाच्या नियमातून आलेला आहे.

आता आम्ही रस्त्यात ज्या भिंती पाहिल्या त्यांतल्या निम्म्या भिंतींवर तारपेवालाच नव्हता. माणसं गोल करून नाचताहेत, मधे रिकामं. एका ठिकाणी मधे नळाची तोटी होती. कशाच्या तालावर नाचताहेत बिचारे? चित्र काढणाऱ्यानं चुकीचं काढलं असं आम्ही म्हणत नाही, त्याला कुणी सांगितलंच नाही, त्यानं आकार उचलला. आणि एका गावी, गाव सांगत नाही, सार्वजनिक शौचालयाच्या भिंतीवर आम्ही चक्क चौक काढलेला पाहिला. पालघट देवीसकट. रंगवणाऱ्याच्या मनात काही वाईट नसणार. पण समजा आपल्या रुक्मिणीची मूर्ती कुणी परगावी अशा जागी रंगवली असती, तर आपण गप्प बसलो असतो का? कौंडण्यपूरकरांनो, तुम्हीच सांगा.

आता न्यूयॉर्कच्या पोराकडं वळू. का वळायचं ते लगेच कळेल.

१९७० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये पोरांनी भिंतींवर, रेल्वेच्या डब्यांवर नावं लिहायला सुरुवात केली. चित्र नाही, नुसतं नाव. १८३ नंबरच्या रस्त्यावर राहणारा एक पोरगा होता, निरोप-पाकिटं पोचवायचं काम करायचा, जाईल तिथं 'टाकी १८३' असं लिहून यायचा. जुलै १९७१ मध्ये तिथल्या मोठ्या वर्तमानपत्रानं त्याच्यावर बातमी केली आणि मग सारं शहरच नावांनी भरलं. मी आहे, माझं नाव बघा, एवढंच त्या भिंतींचं म्हणणं. ज्या शहरात कुणी कुणाला ओळखत नाही तिथं पोरगा नाव लिहिणारच.

त्या शहरात १९७८ साली पेन्सिल्व्हेनियातून कीथ हॅरिंग नावाचा वीस वर्षांचा मुलगा चित्रकला शिकायला आला. भुयारी रेल्वेच्या स्टेशनांवर जाहिरातींच्या चौकटी असत, जुनी जाहिरात संपली की नवी येईपर्यंत तिथं काळा कागद चिकटवत. हॅरिंगनं तो कागद पाहिला, वर जाऊन खडूची पेटी घेऊन आला आणि पांढऱ्या खडूनं त्यावर चित्र काढलं. १९८० ते १९८५ अशी पाच वर्षं त्यानं हजारो चित्रं काढली. काळ्यावर पांढरी रेघ. नाकडोळे नसलेली माणसं. नाचणारी, एकमेकांना धरलेली, रांगणारं बाळ, भुंकणारा कुत्रा. पोलिसांनी बरेचदा पकडला. लोक थांबून बघायचे, गाडी चुकवायचे.

गेरूवर पांढरी रेघ आणि काळ्या कागदावर पांढरी रेघ. दोघांचीही माणसं बिनचेहऱ्याची, दोघांचीही नाचणारी. जवळपास एकच काळ. एकानं दुसऱ्याचं उचललं असं आम्ही म्हणत नाही, तसं म्हणायची खोड आपल्याकडं फार आहे, ती टाळू. साम्य एवढंच की दोघांनी भिंतीवरची रेघ घेऊन ती सगळ्यांना वाचता येईल अशी केली. फरक मात्र फार मोठा आहे, आणि तो चित्रांच्या बाहेर आहे.

हॅरिंगची चित्रं लोक स्टेशनावरून कापून न्यायला लागले, विकायला लागले. त्यानं ते थांबवलं. १९८६ मध्ये न्यूयॉर्कलाच स्वतःचं दुकान काढलं, त्यात आपलीच चित्रं छापलेले टी-शर्ट, बिल्ले विकायला ठेवले. गॅलरीवाल्यांनी नाकं मुरडली. त्याला एड्स झाला. जायच्या आधी, १९८९ मध्ये, त्यानं प्रतिष्ठान काढून आपल्या चित्रांचे हक्क बांधून ठेवले. फेब्रुवारी १९९० मध्ये तो गेला, वय अवघं एकतीस. आजही जगात कुठंही त्याचं ते रांगणारं बाळ रीतसर टी-शर्टवर छापायचं तर त्या प्रतिष्ठानाची परवानगी लागते, पैसे द्यावे लागतात, ते पैसे मुलांच्या आणि एड्सच्या कामाला जातात. ज्यानं कायदा मोडून चित्रं काढली, त्याची चित्रं कायद्यानं राखली गेली. आणि जिव्यानं कुणाचा कायदा मोडला नाही, कुणाची भिंत खराब केली नाही, त्याची रेघ मात्र साडीवर आहे, चहाच्या कपावर आहे, लग्नपत्रिकेवर आहे, आणि तिथं नाव कुणाचंच नाही.

कायदा काय म्हणतो तेही सांगतो, कारण आम्हाला हे नेहमी विचारलं जातं. जिव्याचं एखादं ठरावीक चित्र असेल तर त्यावर त्याचा हक्क, आणि आपल्या कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं तो वारसांचा. म्हणजे ते जाळ्याचं चित्र जसंच्या तसं छापता येणार नाही. पण त्रिकोणाची माणसं काढायची रीत? ती जमातीची, तिच्यावर एकाचा हक्क कसा सांगणार? आणि सांगू पण नये, जिव्यानं तरी ती आईबाया-मावश्यांकडूनच उचलली होती. मग जमातीचं काय? त्यासाठी वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. हे मानांकन काय असतं ते वरूड-मोर्शीच्या शेतकऱ्यांना समजावून सांगायला नको. संत्रा पिकतो तुमच्या वावरात, घाम तुमचा, आणि बाजारात नाव चालतं 'नागपुरी'. बरोबर ना? (हशा) मग नावाचं दुखणं काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मानांकनानं 'वारली' हे नाव त्या मुलखाशी आणि त्या लोकांशी बांधलं. कारखान्यात छापलेल्या चादरीला ते नाव लावून विकणं यानं अडवता येतं, निदान कागदोपत्री. शाळेच्या भिंतीला मात्र ते काही करू शकत नाही, आणि करावं असं आमचं म्हणणंही नाही.

जिव्याला मान मिळाला नाही असं समजू नका. १९८९ मध्ये पॅरिसला एक गाजलेलं प्रदर्शन झालं, जगभरातले शंभरेक कलाकार, युरोप-अमेरिकेचे आणि बाकी जगाचे एका छताखाली. त्यात गंजाडचा जिव्या होता. २००२ मध्ये शिल्पगुरू झाला. २००३ मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फला रिचर्ड लाँग या इंग्रज कलाकाराबरोबर त्याचं प्रदर्शन लागलं. हा लाँग पायी चालतो, चालता चालता दगडांचे गोल मांडतो, हातांनी भिंतीवर चिखल लावून चित्रं करतो. एक चिखलानं भिंत माखणारा इंग्रज आणि एक शेणानं कागद सारवणारा वारली. २००९ मध्ये हॉलंडचा प्रिन्स क्लॉज पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री. १५ मे २०१८ रोजी गंजाडला तो गेला, वय ८४.

एवढं सगळं होऊनही तुमच्यातले सात हात वर झाले. यात तुमचा दोष नाही. सगळे मान त्याला 'आदिवासी कलाकार' म्हणून मिळाले, आणि आपल्या डोक्यात 'आदिवासी कला' म्हटलं की ती झाडाला लागते तशी आपोआप लागते. आंब्याला आंबा येतो, त्यात आंब्याचं नाव काय लिहायचं? हॅरिंगच्या रेघेमागं आपल्याला माणूस दिसतो, जिव्याच्या रेघेमागं जमात दिसते. जमात आहेच. पण त्या जमातीत एकानं पहिल्यांदा लग्नाच्या चौकटीबाहेर पाऊल टाकलं, आणि ते कसं टाकायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. त्याची मुलं सदाशिव आणि बाळू चित्रकार झाली. त्याच्यामागून डहाणू-तलासरीच्या पाड्यापाड्यांत पुरुषांनी काडी हातात घेतली, आणि पुढं बायकाही परत आल्या, आता विकण्यासाठी. गंजाडचेच मयूर आणि तुषार वायेडा हे तरुण भाऊ आज परदेशात जाऊन मोठमोठ्या भिंती रंगवतात. म्हणजे भिंतीवरून कागदावर आलेली रेघ पुन्हा भिंतीवर गेली, यावेळी नावासकट.

इथं एक जुनी गोष्ट आठवते. भागवतातली. बाणासुराच्या मुलीला, उषेला, स्वप्नात एक तरुण दिसतो. कोण तो? तिला सांगता येईना. तिची सखी चित्रलेखा एकेकाचं चित्र काढत जाते, देव, गंधर्व, मग यादव, आणि एका चित्राशी उषा थांबते. तो निघतो अनिरुद्ध, प्रद्युम्नाचा मुलगा. म्हणजे आपल्या रुक्मिणीचा नातू, कौंडण्यपूरच्या माहेरवाशिणीचा नातू. हजारो वर्षं झाली, पण ते चित्र कुणी काढलं ते आपल्याला तोंडपाठ आहे. ठेवायचं म्हटलं की आपण नाव ठेवतो बरोबर.

आता आपल्याच भिंतींविषयी दोन शब्द, मग थांबतो. आपल्याकडं भिंती कोऱ्या होत्या का? नागपंचमीला घरोघर बायका भिंतीवर नाग काढतात. लग्नघराच्या दर्शनी भिंतीवर रंगारी येऊन हत्ती काढायचा, भालदार-चोपदार काढायचा, केळीचे खांब, मधे 'शुभविवाह' आणि दोघांची नावं. आमच्या लहानपणी गावात कुठल्या घरी लग्न झालंय ते भिंत बघून कळायचं, दोन-तीन पावसाळे ते राहायचं. मेळघाटात कोरकू गेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी लाकडाच्या पाट्या कोरतात, त्यांवर घोडेस्वार, चंद्र, सूर्य. शाळेची भिंत रंगवायला पैसे येतात तेव्हा यातलं काहीच का सुचत नाही? शेजारच्या तालुक्यातल्या कोरकू कारागिराला कुणी का बोलावत नाही? कारण सातशे किलोमीटरवरची वारली आपल्यापर्यंत तयार छापील येऊन पोचली आहे. सोपी आहे, दोन रंगांत होते, स्वस्त पडते. वारलीवर अन्याय झालाच, आणि त्यापायी आपल्याकडचं होतं तेही झाकलं गेलं.

मागच्या वर्षी याच भागातल्या एका शाळेत आम्ही गेलो होतो. पेंटर भिंत रंगवत होता, अगदी तरुण पोरगा, हात इतका सफाईदार की बघत राहावं. आम्ही विचारलं, हे कुठून शिकलात? म्हणाला, "हे त सोपं हाय सर. मोबाईलवर पायतो अन् काढतो." आम्ही त्याला जिव्याची गोष्ट सांगितली, जेवढी आज तुम्हाला सांगितली त्याच्या निम्मी. तारपेवाल्याची सांगितली. तो ब्रश धरून ऐकत उभा राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मधात वाजोनारा पायजे." आणि त्यानं तिथंच, आमच्यासमोर, वर्तुळाच्या मध्यात तारपा वाजवणारा काढला. त्याच्या आधीच्या माणसांपेक्षा तो उंचीनं थोडा मोठा झाला, जागा तेवढी उरली नव्हती, नाचणाऱ्याच्या पायाला त्याचा तारपा टेकला.

मुख्याध्यापकांना आम्ही म्हटलं, खाली एक ओळ लिहून घ्या. ही रीत वारली जमातीची, पालघर जिल्ह्यातली. ती कागदावर आणून जगाला दाखवणाऱ्यांत पहिला जिव्या सोमा म्हसे. ते म्हणाले, लिहून घेऊ सर, चार शब्दांना कितीसा रंग लागतो! पोरानं लगेच शिडी सरकवली, बारीक ब्रश घेतला, ओळ लिहिली. अक्षर छान होतं. मग खाली उतरता उतरता थांबला अन् आम्हाला विचारतो कसा, "सर, भिंत त म्या रंगवली. माहं नाव लिहू काय खाली?"

आम्ही म्हटलं, लिहा ना. मोठ्या अक्षरात लिहा.

बरं, आता तुमचे प्रश्न घेऊ. मागं त्या ताई केव्हाच्या हात वर करून बसल्यात, माईक त्यांच्याकडं द्या.